नौकेच्या इंजिनावरील अल्टरनेटर व विद्युत दोषांचे निदान

नौकेच्या इंजिनावरील अल्टरनेटर हे इंजिनाच्या यांत्रिक शक्तीचे विजेत रूपांतर करून बॅटरी भारित ठेवणारे यंत्र आहे. मराठी शास्त्रीय परिभाषेत त्याला प्रत्यावर्तक म्हणतात. कार्यशाळांतील बोलीत मात्र त्याचा उल्लेख आजही अनेकदा ‘डायनॅमो’ असाच होतो. इंजिन सुरू करणारी मोटर (बोलीत ‘सेल्फ’), मार्गदर्शक दिवे, तळातील पाणी उपसणारा पंप, बिनतारी संच, जीपीएस आणि मासे शोधणारे यंत्र ही सर्व उपकरणे बॅटरीवर चालतात. अल्टरनेटर बंद पडला तरी ती काही काळ चालू राहतात. त्यामुळे दोष उशिरा, आणि बहुधा किनाऱ्यापासून दूर असतानाच लक्षात येतो. रस्त्यावर बंद पडलेली मोटार ढकलून बाजूला घेता येते. समुद्रात ती सोय नसते. म्हणून नौकेवरील विद्युत दोषांचे क्रमवार निदान हा जीवितसुरक्षेचा विषय मानला जातो.

महाराष्ट्रातील स्वरूप

महाराष्ट्रात यांत्रिक नौकांचे दोन मुख्य प्रकार आढळतात. पहिला प्रकार कोकण किनाऱ्यावरील मासेमारी नौका व प्रवासी लाँच यांचा आहे. मुंबईतील ससून डॉक, रत्नागिरीतील मिरकरवाडा, दापोलीजवळील हर्णै आणि सिंधुदुर्गातील मालवण येथील मोठ्या मासेमारी नौकांवर बहुधा नौकेच्या आत बसवलेले डिझेल इंजिन असते. दुसरा प्रकार धरणांच्या जलाशयांतील पर्यटन नौकांचा आहे. नाशिकजवळ गोदावरीवरील गंगापूर धरणाच्या जलाशयात बोट क्लब आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयात तापोळा येथेही नौकाविहार चालतो. अशा ठिकाणच्या लहान नौकांवर अनेकदा नौकेच्या मागील बाजूस बाहेरून टांगलेले, म्हणजे आउटबोर्ड इंजिन असते.

दोन्ही ठिकाणचे दोष काहीसे वेगळे असतात. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३.५ टक्के क्षार असतात. ते विजेचे चांगले वाहक असल्याने खाऱ्या हवेत व शिंतोड्यांत तांब्याच्या तारा, जोडण्या आणि विद्युत अग्रे झपाट्याने खराब होतात. जलाशयाच्या गोड्या पाण्यात हा त्रास कमी असतो. मात्र तेथील नौका हंगामाबाहेर दीर्घकाळ उभ्या राहतात आणि न वापरलेली बॅटरी आपोआप उतरते. किनाऱ्यावरही असा निष्क्रिय काळ येतो. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत बंदी असते आणि ऐन पावसाळ्याच्या दमट हवेत नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. बंदी उठल्यानंतरच्या पहिल्या फेरीत विद्युत दोष अधिक का उद्भवतात, याचे उत्तर या दोन महिन्यांत सापडते.

पार्श्वभूमी

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये विद्युत चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. चुंबकीय क्षेत्र बदलत असताना त्यातील तारेच्या वेटोळ्यात विद्युत दाब निर्माण होतो, हे ते तत्त्व होय. १८५९ मध्ये गास्तों प्लांते यांनी पुन्हा भारित करता येणारी शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. आरंभी वाहनांवर व नौकांवर एकदिश प्रवाह देणारा डायनॅमो वापरीत. त्याच्याकडून इंजिनाच्या मंद गतीला पुरेशी वीज मिळत नसे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर स्वस्त व टिकाऊ सिलिकॉन डायोड उपलब्ध झाले आणि १९६० च्या दशकात मोटारींवर अल्टरनेटर रूढ झाला. नौकांनीही पुढे त्याचाच स्वीकार केला.

रचना व कार्य

अल्टरनेटरमध्ये फिरणारा भाग, म्हणजे घूर्णक, हा विद्युत चुंबक असतो. त्याच्या वेटोळ्याला दोन कार्बन ब्रश व दोन सरकती कडी यांमार्फत थोडा प्रवाह पुरवला जातो. यास क्षेत्र प्रवाह म्हणतात. इंजिनाच्या पट्ट्याने घूर्णक फिरला की सभोवतालच्या स्थिर भागातील, म्हणजे स्थाणुकातील, तीन वेटोळ्यांत त्रिकला प्रत्यावर्ती वीज निर्माण होते. बॅटरीला एकदिश प्रवाह लागतो. त्यासाठी किमान सहा डायोडांचा संच, म्हणजे एकदिशकारक, बसवलेला असतो.

विद्युत दाब मर्यादेत ठेवण्याचे काम नियामक करतो. दाब वाढू लागला की तो क्षेत्र प्रवाह कमी करतो आणि दाब घटला की तो वाढवतो. १२ व्होल्टच्या व्यवस्थेत इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्ट दाब असणे अपेक्षित असते. २४ व्होल्टच्या व्यवस्थेत याच्या दुप्पट आकडे धरावेत.

अनेक अल्टरनेटरांना आरंभीचा क्षेत्र प्रवाह सूचना फलकावरील लाल दिव्यातून मिळतो. चावी फिरवल्यावर हा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. दिव्याचा बल्ब जळाला असेल, तर निर्दोष अल्टरनेटरही वीज देण्यास आरंभ करू शकत नाही. एका लहान बल्बमुळे संपूर्ण अल्टरनेटर बदलला जाण्याचा प्रकार म्हणूनच घडतो.

आउटबोर्ड इंजिनांत बहुधा पट्टा नसतो. त्यांच्या गतिपालक चक्रात कायम चुंबक बसवलेले असतात, त्याखाली स्थिर वेटोळी असतात आणि एकदिशकारक व नियामक एकाच डबीत असतात. ब्रश नसल्याने तेथे झिजण्यासारखे थोडे असते. दोष प्रामुख्याने वेटोळ्यांत, डबीत किंवा जोडण्यांत आढळतो.

वीज गेल्यास इंजिनाचे काय होते

यांत्रिक इंधनपंप असलेले जुन्या धाटणीचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाल्यावर विजेवाचून चालू शकते. त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली तरी ते चालत राहते. मात्र बंद केल्यास पुन्हा सुरू होत नाही. अशा वेळी बंदरात पोहोचेपर्यंत इंजिन बंद न करणे हाच शहाणपणा ठरतो. याला अपवाद आहे. काही इंजिनांत इंधन चालू ठेवणारी झडप विजेवर उघडी राहते. वीज गेली की तेही थांबते. संगणकीय नियंत्रण असलेली आधुनिक डिझेल इंजिने दाब फार घसरला की बंद पडतात. आपले इंजिन यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे तांडेलाने नौका पाण्यात जाण्यापूर्वीच जाणून घेतलेले असावे.

निदानाची पूर्वतयारी

निदानासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर, विद्युत घनतामापक, तारेचा ब्रश, पाने आणि १२ व्होल्टचा परीक्षक दिवा एवढे साहित्य पुरते. मोजणीपूर्वी डोळ्यांनी व हातांनी होणारी तपासणी करावी, कारण पुष्कळ दोष तेथेच उघड होतात.

इंजिन बंद ठेवून पट्टा पाहावा. त्याच्या दोन कप्प्यांमधील सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाब दिल्यास तो साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. नेमका आकडा इंजिनाच्या पुस्तिकेनुसार घ्यावा. कप्पीभोवती काळी भुकटी साचली असल्यास पट्टा घसरत आहे किंवा कप्प्या एका रेषेत नाहीत असे समजावे. बॅटरीच्या अग्रांवर पांढरी वा हिरवट बुरशीसारखी पुटे असल्यास जोडणी रोध उत्पन्न करीत आहे. इन्सुलेशनखाली तार काळी पडली असेल, तर ती आतून कुजलेली असते आणि केवळ टोक साफ करून भागत नाही.

क्रमवार मोजणी

पहिली पायरी: विश्रांत अवस्थेतील बॅटरी. इंजिन काही तास बंद असताना बॅटरीच्या अग्रांवर दाब मोजावा. पूर्ण भारित शिसे-आम्ल बॅटरी सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. सुमारे १२.२ व्होल्ट म्हणजे निम्मा भार आणि ११.९ किंवा त्याहून कमी म्हणजे जवळजवळ उतरलेली बॅटरी. झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत प्रत्येक कप्प्यातील द्रवाची घनता मोजावी. पूर्ण भारित अवस्थेत ती सुमारे १.२६५ असते. पाच कप्पे सारखे आणि एकच फार कमी असल्यास दोष बॅटरीचा आहे. अशा बॅटरीला कोणताही अल्टरनेटर वाचवू शकत नाही.

दुसरी पायरी: इंजिन सुरू होताना. सेल्फ फिरत असताना १२ व्होल्टच्या बॅटरीवरील दाब साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. दाब कोसळत असेल, तर बॅटरी अशक्त आहे. दाब टिकून असूनही सेल्फ मंद फिरत असेल किंवा नुसता ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर जाड तारा, मुख्य स्विच, सोलेनॉइड किंवा स्वतः सेल्फ यांत दोष शोधावा.

तिसरी पायरी: इंजिन चालू असताना. इंजिन मध्यम गतीने चालवून पुन्हा बॅटरीवर मोजावे. १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाल्यास भारण व्यवस्थित आहे. दाब विश्रांत आकड्याइतकाच राहिल्यास अल्टरनेटरकडून वीज पोहोचत नाही. तो १५ व्होल्टच्या आसपास किंवा पुढे गेल्यास नियामक बिघडला आहे. अतिभारणात बॅटरी तापते, तिचे पाणी वारंवार कमी होते आणि सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो.

चौथी पायरी: अल्टरनेटर आणि बॅटरी यांमधील फरक. दिवे व पंप चालू ठेवून अल्टरनेटरच्या ‘बी प्लस’ या मुख्य अग्रावर आणि नंतर बॅटरीवर दाब मोजावा. दोन्हींतील फरक अर्ध्या व्होल्टहून अधिक असल्यास तार, जोडणी, फ्यूज किंवा स्विच दोषी आहे. ऋण बाजूचीही अशीच परीक्षा करावी: इंजिनाचा सांगाडा आणि बॅटरीचे ऋण अग्र यांमध्ये मीटर लावावा. ही बाजू विसरली जाते, पण अर्थिंगची गंजलेली पट्टी हे नेहमीचे कारण आहे. दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवण्यासाठी डायोड बसवले असतील, तर त्यांतच सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट खर्च होतात. नियामकाला त्याची भरपाई करण्याची सोय नसेल, तर बॅटरी कायम अर्धपोटी राहते.

पाचवी पायरी: डायोड. मीटर प्रत्यावर्ती दाबावर ठेवून, इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजावे. साधारण अर्ध्या व्होल्टहून अधिक प्रत्यावर्ती दाब आढळल्यास एखादा डायोड निकामी झाल्याचा संशय घ्यावा. बिनतारी संचात इंजिनाच्या गतीबरोबर चढणारी शीळ ऐकू येणे, लाल दिवा मंद तेवत राहणे आणि रात्रभर उभ्या नौकेची बॅटरी उतरणे ही या दोषाची इतर लक्षणे आहेत.

सहावी पायरी: गळती. सर्व उपकरणे बंद करून बॅटरीची ऋण तार सोडावी आणि ती तार व अग्र यांमध्ये अँपिअरमापक जोडावा. या अवस्थेत सेल्फ फिरवू नये, अन्यथा मीटर जळतो. अर्धा अँपिअर गळती क्षुल्लक वाटते. परंतु २४ तासांत ती १२ अँपिअर-तास व दहा दिवसांत १२० अँपिअर-तास खर्च करते. एकेक फ्यूज काढत गेल्यास कोणत्या शाखेत गळती आहे ते कळते.

लक्षणे व संभाव्य कारणे

• चावी फिरवल्यावर लाल दिवा लागत नाही: बल्ब जळालेला, ब्रश झिजलेले किंवा दिव्याची तार तुटलेली.
• इंजिन चालू असूनही दिवा जळत राहतो: पट्टा तुटलेला वा सैल, नियामक किंवा अल्टरनेटर निकामी.
• इंजिनाचा गतिमापक अचानक शून्यावर येतो: अनेक डिझेल इंजिनांत गतिमापकाला संकेत अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ अग्रावरून मिळतो, त्यामुळे ही अल्टरनेटर थांबल्याची सूचना असू शकते.
• थंड असताना भारण ठीक, तापल्यावर बंद: वेटोळ्यातील सांधा किंवा नियामक उष्णतेने जोडणी सोडतो.
• इंजिन सुरू होताच पट्टा किंचाळतो: पट्टा सैल, अथवा बॅटरी खोल उतरलेली असल्याने अल्टरनेटरवर मोठा भार.
• दिवे गतीबरोबर मंद-तेजस्वी होतात: सैल जोडणी किंवा अस्थिर नियामक.

दोष नसलेला दोष

कित्येकदा सर्व भाग निर्दोष असतात आणि चूक हिशोबात असते. उदाहरणादाखल, मार्गदर्शक व कामाचे दिवे ६ अँपिअर, जीपीएस व मासे शोधणारे यंत्र २ अँपिअर, बिनतारी संच १ अँपिअर आणि अधूनमधून चालणारा पंप सरासरी १ अँपिअर घेतो असे मानू. एकूण १० अँपिअर दराने ८ तासांत ८० अँपिअर-तास खर्च होतात. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून तिचे आयुष्य न घटवता साधारण निम्मा, म्हणजे ७५ अँपिअर-तास भार घेता येतो. अशी नौका रोज थोडी थोडी तुटीत जाते आणि काही दिवसांनी दोष अल्टरनेटरवर लादला जातो. अल्टरनेटरवर लिहिलेली क्षमता मोठ्या गतीची असते. जाळे ओढताना किंवा नांगरावर मंद गतीने चालणारे इंजिन त्याचा काही अंशच देते.

तारेची जाडी हाही हिशोबाचाच भाग आहे. बॅटरीपासून १० मीटर अंतरावरील उपकरणासाठी जाऊन-येऊन २० मीटर तार लागते. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध एवढ्या लांबीत सुमारे ०.१४ ओहम भरतो. १० अँपिअर प्रवाहाला १.४ व्होल्ट वाटेतच नाहीसे होतात. ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट सुमारे ०.६ व्होल्ट असते. नौकेसाठी कल्हई केलेल्या तांब्याची बहुतंतू तार घ्यावी, ती क्षारांपासून बचावासाठी.

भटका प्रवाह व संक्षरण

इन्सुलेशन गेलेल्या तारेतून ओल्या तळात झिरपणारा एकदिश प्रवाह पाण्यामार्गे धातूच्या भागांतून वाहतो आणि पंखा, दांडा व झडपा यांचे वेगाने संक्षरण करतो. तळातील पंपाची पाण्यात पडलेली जोडणी हे त्याचे नित्याचे उगमस्थान असते. भिन्न धातू एकाच पाण्यात असल्याने होणारे संक्षरण त्याहून मंद असते. ते रोखण्यासाठी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे बसवतात. खाऱ्या पाण्यात ते जस्ताचे, तर गंगापूरसारख्या गोड्या जलाशयात मॅग्नेशियमचे अधिक उपयुक्त ठरतात. हे ठोकळे अचानक लवकर झिजू लागले, तर प्रथम विद्युत गळती शोधावी.

टाळावयाच्या पद्धती

इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘डायनॅमो चालतो का’ हे पाहण्याची पद्धत डायनॅमोच्या काळातील आहे. अल्टरनेटरमध्ये असे केल्यास दाब क्षणात अनेक पटींनी उसळतो आणि डायोड, नियामक व जोडलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणे जळू शकतात. त्याच कारणाने इंजिन चालू असताना मुख्य स्विच बंद करू नये. तार अग्रावर घासून ठिणगी पाहणे, बॅटरी उलटी जोडणे आणि अल्टरनेटरच्या तारा न सोडता पोलादी नौकेवर विद्युत वेल्डिंग करणे याही घातक चुका आहेत. लिथियम बॅटरी बसवताना विशेष दक्षता लागते. ती दीर्घकाळ मोठा प्रवाह ओढून साधा अल्टरनेटर तापवते आणि तिची संरक्षक यंत्रणा अकस्मात जोडणी तोडल्यास वरीलप्रमाणेच दाब उसळतो.

सुरक्षितता

भारित होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बॅटरीची जागा हवेशीर असावी आणि जवळ विडी-सिगारेट ओढू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने नौकेच्या तळात साचते. पेट्रोल इंजिन आत बसवलेल्या नौकेवर ठिणगी बाहेर न पडू देणारे नौका-प्रकारचेच अल्टरनेटर व सेल्फ लावावेत. मोटारीचा स्वस्त अल्टरनेटर दिसायला सारखा असला, तरी तेथे तो प्राणघातक ठरू शकतो. काम करताना अंगठी व कडे काढावे, बॅटरीची ऋण तार प्रथम सोडावी व शेवटी जोडावी. आम्ल अंगावर पडल्यास भरपूर पाण्याने धुवावे.

समुद्रात बिघाड झाल्यास

लाल दिवा लागताच पट्टा व तापमान पाहावे, कारण अनेक इंजिनांत थंड पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर चालतो. पट्टा शाबूत असेल, तर अनावश्यक उपकरणे बंद करून उरलेली वीज बिनतारी संच, मार्गदर्शक दिवे व तळपंप यांसाठी राखावी. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत मार्गदर्शक दिवे आवश्यक असतात. काळोखात दिवे नसलेली नौका मोठ्या जहाजाला दिसत नाही. संकटाचा संदेश व्हीएचएफ संचाच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर द्यावा; भारतीय तटरक्षक दलाचा आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक १५५४ आहे. बॅटरी पूर्ण संपण्याची वाट न पाहता, संचात बोलण्याइतकी शक्ती आहे तोवरच संपर्क साधावा. संच ऐकण्यापेक्षा बोलताना कितीतरी अधिक प्रवाह घेतो.

देखभाल

मासेमारी बंदीच्या काळात बॅटरी नौकेवरून उतरवून कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा पूर्ण भारित करावी. उतरलेल्या अवस्थेत राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात व तिची क्षमता कायमची घटते. उष्ण हवेत बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग वाढतो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास नौका पुन्हा पाण्यात लोटण्यापूर्वी जोडण्या घासून, घट्ट करून त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी, पट्टा बदलावा आणि वरील सहा मोजण्या करून आकडे वहीत लिहून ठेवावेत. नौकेवर एक जादा पट्टा, फ्यूज, लाल दिव्याचा बल्ब व ब्रशांची जोडी असावी. निरोगी अवस्थेतील आकड्यांची वही हाताशी असली, की पुढे बिघाडाच्या वेळी कोणता आकडा बदलला एवढेच पाहावे लागते आणि दोषाची जागा लवकर सापडते.